स्लाव, स्क्रॅन्टन आणि आकुर्डी : दूरचित्रवाणीवरील विनोदाची दोन कुळे आणि मराठीतील एक रिकामी जागा

ब्रिटिश आणि अमेरिकन दूरचित्रवाणीवरील विनोदाची तुलना करताना अभ्यासक बहुधा राष्ट्रस्वभावापासून सुरुवात करतात. इंग्रज माणूस मनाने कोंडलेला, म्हणून त्याचा विनोद बोचरा आणि उदास. अमेरिकन माणूस मोकळा आणि आशावादी, म्हणून त्याचा विनोद उबदार, अशी ही मांडणी असते. तिच्यात थोडे तथ्य आहे, पण ती पुरेशी नाही, कारण स्वभाव ही गोष्ट मोजता येत नाही आणि हवे ते उदाहरण घेऊन हवे ते सिद्ध करता येते. त्यापेक्षा तीन साधे प्रश्न विचारले, म्हणजे मालिकेचे पैसे कोण देतो, ती किती जण लिहितात आणि तिचे किती भाग काढायचे असतात, तर या दोन कुळांमधील फरक कितीतरी अधिक स्पष्ट होतो. हेच प्रश्न मराठी दूरचित्रवाणीला विचारले की गेल्या पन्नास वर्षांत मराठी विनोद कोठून कोठे आला, हे कळते आणि आकुर्डी, भोसरी ज्यात मोडतात त्या पिंपरी-चिंचवडसारख्या उद्योगनगरीला त्या विनोदात जागा का मिळाली नाही, याचाही उलगडा होऊ लागतो.

प्रथम या प्रकाराचे स्वरूप पाहू. ज्याला जगभर सिटकॉम म्हणतात, त्या प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकेत पात्रे ठरलेली असतात, जागा ठरलेली असते, प्रत्येक भागात नवा पेच उभा राहतो आणि भाग संपताना सारे जवळजवळ पूर्वीच्याच जागी परत येते. हा प्रकार रेडिओवर रुजला आणि तेथून दूरचित्रवाणीवर आला. ब्रिटनमध्ये त्याला आश्रय दिला तो बीबीसीने, आणि बीबीसीचा खर्च प्रत्येक संचधारक घराने भरलेल्या वार्षिक परवाना शुल्कातून चालत असल्याने मालिका वर्षानुवर्षे ओढत नेण्याची निकड तेथे नव्हती. सहा भागांची एक माला, एक किंवा दोन लेखक आणि पुढील माला लेखकाला काही सुचले तरच, ही तेथील रीत होती. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी लिहिलेल्या ‘फॉल्टी टॉवर्स’चे 1975 मध्ये सहा आणि 1979 मध्ये सहा, असे एकूण बाराच भाग निघाले, तरीही ब्रिटिश विनोदाची कोणतीही चर्चा त्या हॉटेलात डोकावल्याशिवाय पुरी होत नाही. इतक्या थोड्या भागांत लेखकाला मोठे स्वातंत्र्य मिळते. नायक प्रेक्षकाला आवडलाच पाहिजे, अशी सक्ती उरत नाही. तो खुशाल हरू शकतो, क्षुद्र असू शकतो आणि आपल्या सामाजिक पायरीवर जन्मभर अडकून पडू शकतो.

अमेरिकेत वाट वेगळी पडली, आणि ती पाडण्यात 1951 मध्ये सीबीएस वाहिनीवर सुरू झालेल्या ‘आय लव्ह लूसी’ या मालिकेचा वाटा फार मोठा आहे. ही मालिका प्रेक्षकांसमोर, एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांनी आणि चित्रपटासाठी वापरतात त्या फिल्मवर चित्रित होत असे. फिल्ममुळे प्रत्येक भाग जसाच्या तसा टिकला आणि तो पुन्हा पुन्हा दाखवून पैसे मिळवता येतात, हे निर्मात्यांच्या ध्यानात आले. यातून पुढे पुनःप्रक्षेपणाचे हक्क देशभरातील स्थानिक वाहिन्यांना विकण्याची पद्धत वाढली. रोज एक भाग दाखवायचा तर स्थानिक वाहिनीच्या हाती भरपूर साठा लागतो, म्हणून साधारण शंभर भाग हा यशाचा उंबरठा मानला जाऊ लागला. वर्षाला वीस-बावीस भाग एकट्यादुकट्याने लिहिणे अशक्य असल्यामुळे आठ-दहा जणांनी एका खोलीत बसून कथानक रचायचे, विनोद पारखायचे आणि एकमेकांची वाक्ये खोडायची, ही लेखक-कक्षाची व्यवस्था आली. ‘फ्रेंड्स’ 1994 ते 2004 या काळात 236 भाग चालली. दहा वर्षे दर आठवड्याला घरात येणारी पात्रे प्रेक्षकाला नकोशी होऊन चालणार नव्हते, त्यामुळे अमेरिकन विनोदाच्या उबेमागे स्वभावाइतकाच हा हिशेबही आहे.

एकच कल्पना अटलांटिक ओलांडून गेली की हा फरक उघड्यावर येतो. जॉनी स्पेट यांची ‘टिल डेथ अस डू पार्ट’ ही मालिका बीबीसीवर 1965 मध्ये प्रथम आली. तिचा नायक आल्फ गार्नेट हा पूर्व लंडनमधील गोदी कामगार, वर्णद्वेष्टा, तोंडाळ आणि बायकोला घालूनपाडून बोलणारा. नॉर्मन लिअर यांनी 1971 मध्ये तिच्यावरून ‘ऑल इन द फॅमिली’ उभी केली. तिच्यातील आर्ची बंकर एका टूल अँड डाय कंपनीत माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्यावरचा फोरमन आहे. भोसरीच्या कोणत्याही गल्लीत ओळखीचा वाटावा असाच हा माणूस. त्याचे पूर्वग्रह आल्फइतकेच कडवट, पण मालिका जसजशी पुढे गेली, तसतशी इडिथ या बायकोवरची त्याची माया, त्याची भीती आणि त्याचे एकटेपण प्रेक्षकाला दिसत गेले. ब्रिटिश मालिकेने आल्फला कधी माफ केले नाही. अमेरिकन मालिकेने आर्चीला समजून घेतले. या दोहोंत श्रेष्ठ कोण, हा वाद निष्फळ आहे, मात्र समजून घेण्यासाठी दोनशे भागांचा अवकाश हाताशी होता, ही वस्तुस्थिती दृष्टीआड करता येत नाही.

या तुलनेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘द ऑफिस’, आणि आकुर्डीच्या वाचकाने तर ते बारकाईने पाहावे असे आहे. रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट यांनी लिहिलेली मूळ मालिका बीबीसीवर 2001 मध्ये सुरू झाली आणि बारा भाग व नाताळचे दोन विशेष भाग होऊन 2003 मध्ये संपली. एका कागद कंपनीच्या शाखेवर माहितीपट काढला जात आहे, अशी तिची रचना असल्यामुळे तिच्यात मागून ऐकू येणारे हशे नाहीत. डेव्हिड ब्रेंट या शाखा-व्यवस्थापकाची समजूत अशी की आपण विनोदी आहोत आणि हाताखालची माणसे आपल्यावर जीव टाकतात. दुसऱ्या मालेत धर्मादाय निधीसाठी कार्यालयात सोंगे घेण्याचा दिवस असतो, ब्रेंटने शहामृगावर स्वार झाल्याचे सोंग घेतलेले असते आणि त्याच वेशात त्याला नोकरी गेल्याचे कळवले जाते. लोंबणारे खोटे पाय, कापडी शहामृगाची मान आणि त्यांच्या वर एका मध्यमवयीन माणसाचा पडलेला चेहरा, एवढेच पडद्यावर राहते. पुढच्या भागात तो वरिष्ठांसमोर अक्षरशः गयावया करतो. हसण्याची सोय तेथे जवळजवळ उरतच नाही, आणि ब्रिटिश विनोद आपल्या टोकाला पोहोचतो तो नेमका अशा ठिकाणी.

ग्रेग डॅनियल्स यांनी 2005 मध्ये एनबीसी वाहिनीसाठी तिची अमेरिकन आवृत्ती घडवली. पहिला भाग मूळ मालिकेवर जवळजवळ बेतलेलाच होता आणि सहा भागांचा तो पहिला हंगाम थंडच गेला. दुसऱ्या हंगामापासून स्टीव्ह करेलने साकारलेला मायकल स्कॉट बदलला. तो मूर्ख राहिला, पण विक्रीच्या कामात वाकबगार आणि मनाने पोरका ठरला. 2011 मध्ये तो गेला तो विमानतळावर निरोप घेऊन, वाग्दत्त वधूबरोबर संसार थाटायला. मालिका त्याच्याशिवायही 2013 पर्यंत चालली आणि 201 भागांवर थांबली.

या दोन्ही मालिकांची स्थळे लेखकांनी विचारपूर्वक निवडली आहेत. मूळ मालिकेतले स्लाव हे लंडनच्या पश्चिमेला सुमारे 35 किलोमीटरवरचे गाव. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तेथे लष्करी मोटारींच्या दुरुस्तीचा मोठा तळ उभारला गेला. 1920 मध्ये तो खासगी कंपनीने विकत घेतला, मोटारी दुरुस्त करून विकल्या आणि पुढे त्या शेड एकेका कारखान्याला भाड्याने दिल्या. ब्रिटनमधील औद्योगिक वसाहतीचा हा एक आद्य नमुना. कवी जॉन बेचमन यांनी 1937 मध्ये या गावावर बॉम्ब पडोत, अशी प्रार्थना करणारी कविता प्रसिद्ध केली आणि ‘द ऑफिस’च्या एका भागात ब्रेंट ती कविता वाचून तिच्यावर चिडतो. अमेरिकन आवृत्तीतले स्क्रॅन्टन हे पेनसिल्व्हेनियातील शहर अँथ्रसाइट कोळशावर वाढले आणि खाणी बसल्यावर ओसरले. 1930 च्या जनगणनेत सुमारे 1 लाख 43 हजार असलेली लोकसंख्या 2010 मध्ये सुमारे 76 हजारांवर आली होती. राजधानीची झळाळी नसलेली, कामावर जगणारी ही दोन गावे असून त्यांना विनोदाचे स्थळ म्हणून निवडणे हा त्या लेखकांचा मोठा निर्णय होता.

आकुर्डी त्याच जातकुळीतले गाव आहे. जुन्या पुणे-मुंबई महामार्गावर पुण्यापासून साधारण वीस किलोमीटरवर असलेल्या या गावाची एक ओळख संत तुकाराम महाराजांच्या पालखीची आहे, कारण देहूहून निघालेली पालखी इनामदार वाड्यातील पहिल्या मुक्कामानंतर आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात विसावते. दुसरी ओळख बजाज ऑटोची. साठच्या दशकाच्या आरंभी येथे स्कूटर बनू लागल्या, 1972 पासून चेतक बाहेर पडू लागली आणि कंपनीचे प्रमुख राहुल बजाज यांनी अनेक दशके कारखान्याच्या आवारातच बिऱ्हाड ठेवले. 2007 मध्ये येथील वाहननिर्मिती थांबली. मुख्यालय आणि संशोधन विभाग राहिले आणि उत्पादनाचे लोंढे जवळच्या चाकणकडे वळले. एखाद्या गावाच्या भोंग्याची वेळ बदलली की तेथील चहाच्या टपरीपासून खोलीच्या भाड्यापर्यंत सारे कसे बदलते, हे आकुर्डीने प्रत्यक्ष पाहिले आहे. अशा गावातून विनोदी मालिका का निघाली नाही, याचे उत्तर मराठी दूरचित्रवाणीच्या इतिहासात शोधावे लागते.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्या काळी संचासाठी पोस्टात वार्षिक परवाना शुल्क भरावे लागे आणि जाहिराती 1976 पर्यंत नव्हत्या, म्हणजे अर्थरचना बीबीसीच्या वळणाची होती. मराठी विनोदाचा बादशहा मानले गेलेले पु. ल. देशपांडे यांनीही बीबीसीत दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण घेतलेले होते. या वातावरणात विनायक चासकर यांच्या ‘गजरा’सारखा छोट्या नाटुकल्यांचा कार्यक्रम फुलला आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही मालिका आली. चिं. वि. जोशी हे बडोद्यात पाली भाषेचे अध्यापन करणारे लेखक होते. त्यांचा चिमणराव पापभीरू, काटकुळा, कारकुनी वृत्तीचा आणि प्रतिष्ठेला जपणारा आहे. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ पाहताना प्रेक्षक हसत होता तो पांढरपेशा माणसाच्या अगतिकतेला. पुस्तकातून आलेली पात्रे, एका लेखकाची दृष्टी, मोजके भाग आणि आपल्या पायरीवर अडकलेला नायक, ही सगळी लक्षणे ब्रिटिश कुळाची आहेत, मात्र चिमणरावाकडे पाहणारी नजर ब्रेंटकडे पाहणाऱ्या नजरेपेक्षा कितीतरी मायाळू आहे.

याच कुळातील शेवटची मोठी मालिका म्हणजे 2001 मध्ये तेव्हाच्या अल्फा मराठी वाहिनीवर आलेली केदार शिंदे दिग्दर्शित ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या पुस्तकावर ती आधारलेली होती. आबा टिपरे, मुलगा शेखर, सून श्यामला आणि दोन नातवंडे, एवढ्यांच्या रोजनिशीतून तिने मध्यमवर्गीय घराचे जे चित्र उभे केले, त्याची सर नंतरच्या कोणत्याही कौटुंबिक मराठी मालिकेला आलेली नाही. तिच्यात कोणी कोणाला कोपरखळी मारली तरी घर मोडत नाही. राग जेवणाच्या ताटापर्यंत टिकतो आणि तेथे विरतो.

पुढे खासगी वाहिन्यांची स्पर्धा वाढली आणि प्रेक्षकसंख्येच्या साप्ताहिक आकड्यांवर जाहिरातीचा दर ठरू लागला, तेव्हा मराठी विनोद अमेरिकन अर्थरचनेकडे सरकला. ‘फू बाई फू’ने स्पर्धेच्या रूपात छोटे प्रहसन, म्हणजे स्किट, लोकप्रिय केले. डॉ. नीलेश साबळे यांची ‘चला हवा येऊ द्या’ 2014 मध्ये झी मराठीवर सुरू झाली आणि जवळजवळ दहा वर्षे चालली. सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी यांची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ 2018 पासून सोनी मराठीवर शेकडो भागांचा पल्ला गाठून गेली. आठवड्याला इतकी प्रहसने पुरवायची म्हणजे लेखकांची फळी हवी, नटांचा पक्का संच हवा आणि प्रेक्षकाला परत परत भेटावेसे वाटेल अशी ठरीव पात्रे हवीत. समीर चौघुले, नम्रता संभेराव, प्रसाद खांडेकर, विशाखा सुभेदार यांनी ती घडवली. अमेरिकन मालिकेत ध्वनिमुद्रित हशा जे काम करतो, ते येथे समोर बसलेल्या परीक्षकांचे खळाळून हसणे करते. कोठे हसायचे, हे ते प्रेक्षकाला दाखवून देतात.

असे असले तरी या कार्यक्रमांना अमेरिकन नमुन्याची नक्कल म्हणणे चुकीचे होईल. तमाशात गण-गवळणीनंतर आणि वगाच्या आधी येणारी बतावणी, म्हणजे दोघातिघांनी हजरजबाबीपणाने रंगवलेला सवालजवाब, हीच या प्रहसनांची खरी आजी आहे. सोंग घेऊन बोचरे सत्य सांगण्याची रीत त्याहून जुनी, एकनाथांच्या भारुडांपर्यंत जाणारी आहे आणि आकुर्डीत मुक्कामाला येणाऱ्या दिंड्यांमध्ये ती आजही जिवंत आहे. शिवाय या कार्यक्रमांनी एक मोठे काम केले, ज्याची पुरेशी नोंद समीक्षकांनी घेतलेली नाही. भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी बोली किंवा पवईच्या फिल्टरपाड्याचे नाव अभिमानाने मिरवणारे गौरव मोरे यांच्यामुळे पुणेरी-मुंबईकर पांढरपेशा घराबाहेरचा मराठी माणूस प्रथमच विनोदाचा धनी झाला. पूर्वी तो बहुधा विनोदाचा विषय असे.

आता रिकाम्या जागेकडे वळू. ब्रिटनमध्ये 1961 मध्येच ‘द रॅग ट्रेड’ ही मालिका आली, जिचे स्थळ होते कपडे शिवण्याचा कारखाना आणि जिच्यात मिरियम कार्लिनने साकारलेली युनियनची प्रतिनिधी जरा काही खुट्ट झाले की शिट्टी फुंकून सगळ्यांना काम बंद करायला लावत असे. अमेरिकेत ‘लॅव्हर्न अँड शर्ली’मधील दोघी मैत्रिणी मिलवॉकीच्या बिअर कारखान्यात बाटल्यांना झाकणे लावत, आणि 1988 मध्ये सुरू झालेल्या ‘रोझॅन’ची नायिका पहिल्या हंगामात प्लॅस्टिकच्या कारखान्यात राबते आणि अखेर नव्या साहेबाला तोंडावर सुनावून बाहेर पडते. मराठीत मात्र दिवाणखाना, चाळ, वाडा आणि गावचा पार एवढ्यातच विनोदी मालिका फिरत राहिली. सरकारी कचेरीपर्यंत ती अलीकडे पोहोचली. 2023 मध्ये आलेली मोटे-गोस्वामी यांचीच ‘पोस्ट ऑफिस उघडं आहे’ हा त्या दिशेचा स्वागतार्ह प्रयत्न होता. शॉपफ्लोअरवर मात्र, म्हणजे यंत्रे चालतात त्या कारखान्याच्या मुख्य भागात, लक्षात राहावी अशी एकही मराठी विनोदी मालिका शिरलेली नाही. हिंदीत 2019 मध्ये ‘द ऑफिस’ फरिदाबादला आणली गेली, पण ती अमेरिकन संहितेच्या इतकी जवळून चालली की फरिदाबादची माती तिच्या बुटांना फारशी लागली नाही.

वास्तविक प्रसंगनिष्ठ विनोदाला लागणारे सारे काही आकुर्डी-भोसरी-चाकणच्या पट्ट्यात आहे. ठरलेली माणसे रोज ठरलेल्या जागी बांधलेली, त्यांच्यात उतरंड पक्की आणि सुटका नाही, हीच या प्रकाराची मूळ अट. एकाच लाइनवर कायम कामगार, ट्रेनी आणि ठेकेदाराचा कामगार खांद्याला खांदा लावून एकच नट आवळतात, पण त्यांचे पगार, कॅन्टीनमधील हक्क आणि सुट्या वेगवेगळ्या असतात. सात महिने भरले की ‘ब्रेक’ मिळणाऱ्या पोराचे सगळे आयुष्य त्या हिशेबाने चालते. तो हप्त्याने मोबाइल घेताना आणि मुलगी पाहायला जातानाही महिने मोजतो. येथे साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून बहुतेक ठिकाणी गुरुवारी असते, त्यामुळे नवरा कंपनीत आणि बायको शाळेत किंवा बँकेत असेल, तर आख्खे कुटुंब एकत्र घरी असण्याचा दिवस सणावाराशिवाय उगवत नाही. थर्ड शिफ्ट करून आलेला माणूस झोपतो तेव्हा शेजारी लग्नाचा बँड वाजत असतो. वेतनकराराच्या आधीच्या गेट मीटिंगमधील भाषणे, बोनसच्या आकड्याबद्दलच्या वावड्या, खंडेनवमीला यंत्राला हार घालताना सुपरवायझर आणि युनियनचा पदाधिकारी यांनी एकाच फोटोत हसरे उभे राहणे, मराठवाडा, विदर्भ, खानदेश, बिहार आणि ओडिशातून आलेल्यांची एका दहा बाय दहाच्या खोलीतील भांड्याकुंड्यांची वाटणी, यांतील प्रत्येक गोष्ट एका भागाचे बीज आहे. यात हसण्याजोगे जेवढे आहे तेवढेच दुःखही आहे आणि म्हणूनच त्याला चिमणरावाची माया व ब्रेंटची निर्दयता दोन्ही लागतील.

मग अडले कोठे? चित्रणाची सारी व्यवस्था मुंबई-ठाण्यात एकवटलेली असून उभारलेल्या घराच्या सेटवर वर्षभर काम करणे स्वस्त पडते. चालू कारखान्यात कॅमेरा नेऊ देण्यास कोणतेही व्यवस्थापन सहजासहजी राजी होत नाही. आणि संध्याकाळचा प्रेक्षक म्हणजे घर, हे जाहिरातदाराच्या मनात घट्ट बसले आहे. ही कारणे खरी असली तरी अपरिहार्य नाहीत. ‘द ऑफिस’ची कागद कंपनी काल्पनिक होती आणि तिचे सारे नाट्य काही टेबलांभोवती घडले, कारखान्याचेही कॅन्टीन, कंपनी बस आणि टाइम ऑफिस एवढ्या तीन जागांत सारे जग मावते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लिहिणारी आणि उभी राहणारी माणसे येथे आहेत. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांनी पिढ्यान्‌पिढ्या कारखान्यांतील हौशी नट आणि लेखक घडवले, सेकंड शिफ्ट बदलून घेऊन तालमी करणाऱ्यांची परंपरा या पट्ट्यात जुनी आहे, आकुर्डी-प्राधिकरणात ग. दि. माडगूळकरांच्या नावाचे नाट्यगृह उभे आहे आणि जानेवारी 2024 मध्ये जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली शंभरावे मराठी नाट्यसंमेलनही पिंपरी-चिंचवडमध्येच भरले. या शहराने नाटकाला मांडव दिला. त्याच्या स्वतःच्या जगण्याला मात्र पडदा मिळालेला नाही.

अशी मालिका घडवायची तर शेकडो भागांचे ओझे प्रथमच तिच्यावर टाकू नये. सहाच भाग, दोनच लेखक आणि त्यांतील एकाने तरी पंचिंगच्या रांगेत काही वर्षे काढलेली असावीत, एवढ्या अटींवर एखाद्या मराठी वाहिनीने किंवा ओटीटी मंचाने ती हाती घ्यावी. आणि आकुर्डी, भोसरी, चाकणमधील ज्या कामगार लेखकांच्या वह्यांत एकांकिकांचे खर्डे पडून आहेत, त्यांनी पुढच्या स्पर्धेची वाट न पाहता त्यांतील कॅन्टीनचा प्रवेश आधी लिहून काढावा.